बासुंदीचा डाव

आष्टीचा कबड्डीचा संघ बोरगव्हाणच्या जत्रेत सलग चार वर्षं हरला. चारही वर्षं जेवण मात्र असं झालं, की परतीच्या टेम्पोत आधी बासुंदीची चर्चा व्हायची आणि मॅचची आठवण थेट गावाच्या वेशीत यायची.

संघाचा कप्तान धर्मराज. बाजारपेठेत त्याचं शिलाईचं दुकान. सकाळी हात असा चालायचा की मशीन थांबत नसे. पण दुपारी परातभर भात, त्यावर तेलाचा तवंग असलेली भाजी आणि वर दोन कप गोड चहा पोटात गेला, की मान मशीनवर टेकायची. एकदा त्या गुंगीत त्यानं गिऱ्हाईक पुंजारामच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे पाठीवर लावले.  पुंजाराम तोच सदरा घालून दुकानासमोर उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायला लागला, "भाऊ, माझ्या खिशातली बिडी काढून देतो का? माझा हात पुरून न्हाई राह्यला."

धर्मराजची आई चांगुणाबाई लग्नकार्यात स्वयंपाक करणारी बाई. शंभर-दोनशे माणसांचं जेवण ती एकटी सांभाळायची. भट्टीपुढे उभं राहायचं त्या दिवशी ती सकाळी अर्धी भाकरी, मटकीची उसळ आणि वाटीभर ताक घ्यायची, आणि मग संध्याकाळपर्यंत तिचे पाय दुखत नसत. आपल्या हातची पुरी तिनं कधी कार्य उरकल्याशिवाय तोंडात टाकली नव्हती.

पाचव्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वदच्या चैत्रात, ती स्वतः संघाबरोबर बोरगव्हाणला गेली. तिची बहीण तिथं दिलेली होती. बहिणीकडे जाताना ती मारुतीच्या पाराच्या मागून निघाली, तर तिथं लिंबाच्या सावलीत बोरगव्हाणचा संघ जेवायला बसलेला. सकाळचे दहा वाजले होते. समोर ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा, ताक. बस्स.

दुपारी दोनला पाहुण्यांची पंगत बसली. पुऱ्या, बटाट्याची तळलेली भजी, मसालेभात, वाट्या भरभरून बासुंदी. गावचे काकासाहेब स्वतः वाढायला उभे. "घ्या पाव्हणे, घ्या! आमच्या घरी येऊन लाजायचं न्हाई." चढाई करणाऱ्या अजमतची तर एक वाटी खाली ठेवेपर्यंत दुसरी भरलेली असायची. चार वाजता शिट्टी झाली, तेव्हा आष्टीचे सात गडी मैदानात असे उभे होते, जणू कुणी त्यांना बारदानात गुंडाळून आणलंय. धर्मराजला पहिल्याच चढाईत ढेकर आली आणि दम तुटला.

आष्टी पाचव्यांदा हरली. चांगुणाबाई मात्र टेम्पोत गालातल्या गालात हसत बसली होती.

"माय, आम्ही हरलो अन् तू हसून राह्यली?" धर्मराज चिडला.

"तुम्ही मैदानात न्हाई रे हरत," ती म्हणाली. "पंगतीत हरता."

तिनं पाहिलेलं सांगितलं.  मग अजमत म्हणाला, "मंग पुढच्या साली जेवायचंच न्हाई, मावशी."

"यजमानाचं ताट नाकारायचं? आपली अब्रू कुठं ठेवशील? जेवायचं. पण माझ्या हिशोबानं."

पुढच्या वर्षी जत्रेच्या महिनाभर आधी तिनं सातही जणांना ताब्यात घेतलं. सकाळचा चहा एकच कप, तोही कमी साखरेचा. त्यासोबतची खारी बंद. दुपारी ज्वारीची भाकरी, उसळ किंवा डाळ, मूठभर शेंगदाणे, ताक. भाजीतलं तेल निम्मं. पहिले चार दिवस घरोघरी आदळआपट झाली. अजमतची बायको मदिना येऊन सांगून गेली, "खाला, ये तो शेंगदाण्याचा डबा छातीशी धरून सोता है, पण खारी मागना छोड दिया."

दहाव्या दिवशी मात्र धर्मराजच्या लक्षात आलं, की दुपारचे चार वाजलेत आणि आपण जागे आहोत. त्यानं तीन पायजमे शिवले होते, तेही बरोबर. पुंजाराम मुद्दाम बघायला आला. खिसे जागच्या जागी पाहून तो जरा खट्टूच झाला.

जत्रेच्या दिवशी टेम्पो वाटेत एका विहिरीपाशी थांबला. सगळ्यांनी तिथंच दहाच्या सुमाराला भाकरी, मुगाची उसळ आणि ताक उरकलं. चांगुणाबाईनं सगळ्यांना शपथ घातली: पंगतीत दोन पुऱ्या, चमचाभर भात, बासुंदीला फक्त बोट लावायचं.

बोरगव्हाणला काकासाहेब हात जोडून पुढे आले. चांगुणाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "काकासाहेब, पाच वर्षं तुम्ही आमच्या लेकरांना वाढलं. अवंदा मी वाढते. पण आमच्यात एक रीत हाय. यजमानाचे गडी शेजारी बसून जेवल्याशिवाय आमचे गडी घास उचलत न्हाईत."

अशी काही रीत आष्टीत नव्हती. पण इतक्या माणसांत काकासाहेबांना नाही म्हणता येईना. त्यांच्या संघाचे सात गडी, सकाळचं पिठलं पोटात असतानाच, पंगतीत येऊन बसले. एक आष्टीचा, एक बोरगव्हाणचा, अशी ताटं लागली.

मग चांगुणाबाईनं बासुंदीचं पातेलं उचललं. आपल्या पोरांच्या वाटीत तिची पळी नुसती टेकून वर यायची. बोरगव्हाणच्या पोरांपुढे मात्र ती थांबायची. "काय नाव बाळा तुझं? कचरू? मायनं असं वाढून किती दिस झालं असंल रे! आण वाटी." कचरूनं वाटीवर हात धरला, तर तिनं डोळ्याला पदर लावला. "परक्या गावची बाई वाढते म्हणून नको म्हणतो ना?" कचरूनं हात काढला. पुऱ्यांचंही तसंच झालं. काकासाहेब मागून डोळे मोठे करत होते. पण ज्या आग्रहावर त्यांचं पाच वर्षांचं नाव झालं होतं, त्याच आग्रहाला थांब म्हणायचं कोणत्या तोंडानं?

फक्त अजमत फितूर झाला. चांगुणाबाईची पाठ वळली, की तो शेजारच्या कचरूची वाटी रिकामी करायचा. चारच्या शिट्टीला तो डुलत डुलत चढाईला गेला आणि मधल्या रेषेवर परत न येता बोरगव्हाणच्या गड्यांच्या मिठीतच निवांत झाला.

पण समोरचे सहा जण त्याच्याहून जड झाले होते. पकड करायला दोघं धावले, तर तिसरा जांभई देत उभा. तिकडे कचरू मात्र अजमतच्या कृपेनं हलका राहिलेला. त्यानं एकट्यानं चार गुण घेतले. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आष्टी फक्त एका गुणानं पुढे होती. धर्मराज चढाईला गेला. दम लांब, पाय मोकळे. त्यानं कोपऱ्यातल्या दोघांना स्पर्श केला आणि उडी मारून रेषा गाठली. आष्टी तीन गुणांनी जिंकली.

 काकासाहेब पारावरून उठून चांगुणाबाईकडे आले.

"बाई, ही रीत आष्टीत कवापासून हाय?"

"आज सकाळपासून," ती म्हणाली.

काकासाहेबांना हसू आवरलं नाही. त्यांचं पोट गदगदा हलायला लागलं, तसं सगळं मैदान हसलं. तिथंच ठरलं, की पुढच्या वर्षापासून दोन्ही संघांनी सकाळी भाकरी-पिठलं एकत्र खायचं आणि पंगत मॅचनंतर, दिवे लागायच्या आत बसवायची. चांगुणाबाईनं आणखी एक अट घातली: पातेल्याजवळ अजमतला बसवायचं नाही.

अजमतनं त्यावर तक्रार केली नाही. तो पाराच्या सावलीत गाढ झोपला होता, आणि त्याला उचलून टेम्पोत घालायला दोन्ही संघांचे मिळून आठ गडी लागले.