मूळपुरुषाची चांदी

धाकलूच्या देव्हाऱ्यात चांदीचे पाच टाक होते. चार ओळखीचे देव आणि पाचवा घराण्याचा मूळपुरुष: टोकदार टोपी घालून बसलेला, हातात आकडी धरलेला. घरात लग्न निघालं की पहिली हळद त्याला. तो कोण, कुठला, हे सिद्धगडाखालच्या त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

अडलं ते मनस्वीचं. धाकलूची ही पुतणी इतिहासात एम.ए. करत होती, आणि शिकत्या माणसाला गप्प बसवत नाही. धाकलूच्या मुलाचं, आदेशचं लग्न तोंडावर आलं म्हणून त्याची आई सकुबाई चिंचेने टाक घासत होती. मनस्वीने मूळपुरुषाचा फोटो काढून सरांना पाठवला. उत्तर आलं तशी ती नाचायचीच बाकी राहिली.

"काकी, हा टाक नाय, नाणं आहे. युरोपातलं, आठशे वर्षांपूर्वीचं. गादीसाठी दोन राजे भांडत होते. तेव्हा तिथल्या चर्चच्या बिशपने राजाची नाणी आटवली आणि त्याच चांदीवर स्वतःचा छाप मारला. हा तो बिशप."

"म्हंजे आपला नाय?"

"आपला कसा असेल?"

सकुबाई पुन्हा टाक घासायला लागली. मनस्वीला वाटलं, पटलं. ते नाणं इथवर कसं आलं, देव जाणे. पण कडेला बिशपचं नाव होतं आणि फोटोत तीनच अक्षरं लागत होती. सर म्हणाले, नाणं आणा, तुमचा प्रबंध त्याच्यावरच होईल.

हळदीच्या आदल्या दिवशी मनस्वी डबी आणि कापूस घेऊन आली. देव्हाऱ्यात टाक पाचच होते. पाचवा मात्र पागोटं बांधलेला, तलवार धरलेला, कोरा करकरीत.

"जुना कुठंय?"

"त्योच हाय. मुरबाडला सोनाराकडं नेला, आटवला, वीराचा ठसा मारून घेतला. दुसरी चांदी घालू दिली नाय. समोर बसून रायले."

"काकी, मला विचारायचं तरी." मनस्वीचे डोळे भरून आले.

"पोराची पयली हळद परक्याला लावू काय गो? आन तुज्या त्या बिशपानं तरी दुसरं काय केलं?"

मनस्वीने रिकामी डबी बंद केली. राग आला, तो रात्रभर गेला नाही.

सकाळी सकुबाईने हळदीची वाटी तिच्याच पुढे धरली. "तू लाव. त्याचं आदीचं तोंड तुलाच ठावं हाय."

मनस्वीने नव्या तोंडाला हळद लावली. जुनं तिच्या फोनमध्ये होतं, तीन अक्षरांसकट.