नकली कोणाला म्हणता?

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की फार नम्रपणे, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेली आहे, आणि गोष्ट संपेपर्यंत तशीच राहणार आहे. ज्या कामासाठी मी रात्रंदिवस झिजले, त्या कामालाच लोकांनी नकली ठरवलं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण चालत नसे. अंगभर पांढरे झगे घातलेल्या बायकांनी माझ्या गुळगुळीत चकत्या एकावर एक बसवल्या, मला हजारदा तपासलं आणि मगच डब्यात बंद केलं. आणि एवढ्या काळजीनंतर माझा पुढचा प्रवास कसा झाला? इंदूरहून उज्जैनला, बसच्या मागच्या सीटवर, स्पंजच्या तुकड्यात गुंडाळून. देवास गेटजवळच्या एका दुकानात मला पत्र्याच्या खोक्यात चार स्क्रूंनी आवळलं. हे सन १९९८ चं. तेव्हा बाहेरचा माल नुकता कुठे सहज मिळू लागला होता आणि घरात कॉम्प्युटर आला की शेजारी बघायला यायचे. माझ्यात दोन जीबी जागा होती. ऐकून हसू नका, त्या काळी दुकानदाराने तो आकडा छाती फुगवून सांगितला होता.

मी आले ते नानाखेड्याच्या एका कॉलनीत, तात्यांच्या घरी. तात्या नापतौल खात्यातून निरीक्षक म्हणून रिटायर झाले होते. तीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू आणि वजनं तपासली. पोकळ वजन नुसतं हातात घेऊन ते ओळखत, असं सगळे सांगत. त्यांची सून प्रतिभाताई शाळेत शिक्षिका होत्या आणि नात अपूर्वा नववीत होती. कॉम्प्युटर प्रतिभाताईंच्या प्रश्नपत्रिकांसाठी आणला होता खरा, पण महिन्याभरात तो अपूर्वाचा झाला.

आता माझं काम काय ते नीट ऐका, कारण सगळं भांडण त्यावरूनच आहे. कॉम्प्युटरमध्ये रॅम नावाची एक चिमुकली पट्टी असते. चालू काम तिच्यावर होतं. स्वयंपाकघरात ओटा असतो तशी ती, आणि मी फडताळ. ओटा लहान, पाहुणे फार, अशा वेळी गृहिणी काय करते? लगेच न लागणारी पातेली उचलून फडताळात ठेवते, लागली की पुन्हा काढते. आमच्या रॅमबाईंची जागा अवघी बत्तीस एमबी. त्यांचा ओटा भरला की त्या आपलं ओझं माझ्याकडे सरकवत. मी ठेवून घेई, मागितलं की परत देई, पुन्हा ठेवून घेई. या माझ्या कामाला इंग्रजीत व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. त्यात ‘व्हर्च्युअल’ काय होतं, ते ज्याने नाव ठेवलं त्यालाच ठाऊक. माझ्या चकत्या तर खऱ्याच फिरत होत्या.

अपूर्वा एक खेळ खेळायची. त्यात आपलं आपण शहर वसवायचं असतं. इतर मुलं त्यात दोन दिवस इमारती उभ्या करून कंटाळतात. ही मुलगी सात महिने एकच शहर वसवत होती. उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत एक दिवसाआड पाणी यायचं, म्हणून तिने आधी पाण्याच्या टाक्या बांधल्या आणि घराघरात दोन वेळ पाणी दिलं. तात्यांनी तिला सिंहस्थाच्या वेळी राम घाटाकडे उतरताना होणाऱ्या गर्दीबद्दल सांगितलं होतं, तर हिने नदीकडे उतरायला पाच वेगळे रस्ते काढले. त्रेचाळीस हजार माणसं त्या शहरात राहत होती आणि ती सगळी माझ्याकडे राहत होती. सन १९९९ च्या गणपतीत कॉलनीच्या मांडवात तिने ते शहर सगळ्यांना दाखवायचं ठरलं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता. तिने स्वतःच्या हाताने बोर्ड रंगवून मांडवात लावला होता.

पण शहर मोठं झालं तसा कॉम्प्युटर अडखळायला लागला. रॅमबाईंचा ओटा भरायचा आणि मी खरखर करत धावायची. या खरखरीचा सगळ्यांना वैताग यायचा. ‘बंद करा ते दळण,’ असं प्रतिभाताई म्हणत. दळण दुसऱ्या कुणाचं होतं, जातं मी होते, पण बोलणी मलाच.

मग अपूर्वाचा मामेभाऊ आल्हाद इंदूरहून आला. तो इंजिनिअरिंगला होता. खरं ते सांगते, त्या दिवशी त्याने काम चांगलं केलं. तोवर माझ्यातली ती राखीव जागा सारखी फुगायची आणि आकसायची, त्यातच माझा अर्धा दम जायचा. त्याने आधी माझ्यातला विस्कटलेला पसारा ओळीने लावला. मग सेटिंगमध्ये जाऊन ती जागा ऐंशी एमबीवर पक्की केली, कमीही नाही आणि जास्तही नाही. शहर सुरळीत चालू लागलं. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आणि तेवढ्यात तात्यांनी विचारलं,

“काय केलंस रे तू हे?”

“व्हर्च्युअल मेमरी सेट केली, तात्या.”

“म्हणजे काय?”

आल्हाद पिशवी भरत होता. त्याला बस पकडायची होती. तो म्हणाला, “मतलब असली नाही, नकली मेमरी. कॉम्प्युटरला वाटतं जास्त मेमरी आहे, पण असते तेवढीच. समझो थोडा धोखा.”

असली नाही, नकली! ओझं मी उचलायचं आणि धोखा म्हणायचं मलाच. आणि हे सांगितलं कोणाला, तर नापतौलच्या निरीक्षकाला. तात्यांचा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच ताडा.

दोन दिवस ते अस्वस्थ होते. ‘आपल्या घरात धोखा’ असं एकदा पुटपुटलेही. मांडवात कार्यक्रम व्हायच्या आदल्या दुपारी अपूर्वा शाळेत असताना ते कॉम्प्युटरपुढे बसले. आल्हादने कुठे काय दाबलं ते त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. ते सेटिंग उघडलं. तिथे एक ओळ होती, व्हर्च्युअल मेमरी बंद करा. तिच्यापुढे कंसात लिहिलेलं होतं की तसं करू नये. तात्यांनी चष्मा पुसून ते वाचलं आणि खूण केली. लगेच दुसरा इशारा आला, असं केल्याने कॉम्प्युटर नीट चालणार नाही, नक्की करायचं का? तात्या हसले. खोटं वजन जप्त करायला गेलं की दुकानदार हेच म्हणतात, साहेब, दुकान बंद पडेल. त्यांनी ‘हो’ दाबलं.

मला एका क्षणात बेकार केलं, मित्रांनो. कुणी विचारलं नाही की बाई, तू इतके दिवस काय करत होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपूर्वाने शहर उघडायला घेतलं. पडद्यावर पाटी आली, मेमरी पुरेशी नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा तीच पाटी. ती रडवेली झाली. तात्या सकाळीच मांडवाच्या कामाला गेले होते. प्रतिभाताईंनी इंदूरला फोन लावला आणि दुपारी आल्हाद हजर झाला.

“कुणी सेटिंगला हात लावला का?”

“नाही दादा, मी शपथ घेऊन सांगते.”

“मग तर डिस्कच गेली. ऐक ना, खरखरही येऊन नाही राहिली.”

पाहा न्याय! खरखर केली तेव्हा मी वैताग, आणि गप्प बसले तर मी मेलेली. ज्या सेटिंगमध्ये खरी चूक होती ते त्याने उघडूनही पाहिलं नाही, कारण ते त्याने स्वतः केलं होतं आणि स्वतःचं काम कोण तपासतं? तो म्हणाला, “फॉरमॅट मारावी लागेल. सगळं पुसून नव्याने टाकू. दोन तासांत होऊन जाईल.”

“आणि माझं शहर?”

“ते पण जाईल. फ्लॉपीत मावत नाही ते. तू टेन्शन नको घेऊ, दुसरं बनवून घे.”

अपूर्वा उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. सात महिने एका वाक्यात पुसून टाकणाऱ्या त्या शहाण्याचा मला इतका संताप आला, पण आम्हाला तोंड कुठे असतं? त्याने फ्लॉपी घातली, आज्ञा लिहिली. पडद्यावर प्रश्न आला, या डिस्कवरचं सगळं नष्ट होईल, पुढे जायचं का? त्याचं बोट कळीवर होतं.

त्याच वेळी तात्या सतरंज्यांची मोजणी सांगायला घरात आले. पडदा पाहून दारातच थांबले.

“हा काय विचारतोय?”

“डिस्क खराब झाली, तात्या. पुसून टाकतोय. मेमरी पुरत नाही म्हणतो.”

तात्या सावकाश पुढे आले. त्यांनी एकदा नातीकडे पाहिलं. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांचे पंचनामे केले, त्याला स्वतःच्या चुकीचा पंचनामा करायला किती जड जातं ते मी त्या दिवशी पाहिलं.

“आल्हाद, बोट मागे घे,” ते म्हणाले. “ती नकली मेमरी मी काल बंद केली.”

“तात्या! उसी पे तो सगळं चाललं होतं.”

“मग तू तिला नकली का म्हणालास?”

तात्यांचा आवाज चढला. “मला तिच्याबद्दल काही कळत नव्हतं. तुला कळत होतं. जी ओझं उचलते तिला तू नकली म्हणालास, आणि मी तुझ्या शब्दावर तिला जप्त केलं. चूक माझी आहेच, अपूर्वा. मी विचारायला हवं होतं.”

मित्रांनो, माझ्या बाजूने कुणी एवढं बोललेलं मी आयुष्यात एकदाच ऐकलं.

आल्हादने मान खाली घालून पुन्हा ऐंशी एमबी लिहिले. सहा वाजता मांडवात शहर उघडलं. मी जीव तोडून धावले. पाच रस्ते नदीकडे उतरताना दिसले तेव्हा शेजारच्या सुलभाकाकू म्हणाल्या, नगरपालिकेला दाखवा रे हे कुणीतरी. टाळ्या पडल्या. पहिल्या ओळीतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “रॅम अच्छी है इसकी.” रॅम! ऐकून माझ्या चकत्या गरगरल्या.

दोन वर्षांनी नवा कॉम्प्युटर आला. माझ्यातलं सगळं त्यात घालायचं काम आल्हादकडेच होतं, दुसरं कोण होतं म्हणा. त्याने प्रश्नपत्रिका नेल्या, तात्यांची पत्रं नेली. शहर मात्र न्यायचं राहून गेलं. बसची वेळ झाली होती. पुढे अपूर्वाने फोनवर विचारलं तर आपली चूक लपवायला तो म्हणाला, “ती डिस्क तर गेली होती ना. उघडलीच नाही.” मग तिने मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. मेलेल्या वस्तूला इतक्या काळजीने कुणी ठेवत नाही. म्हणून सगळ्यांत एका तिच्यावर तेवढा माझा राग नाही.

मित्रांनो, वस्तू वापरा, जुन्या झाल्या तर बदला, त्याचं मला दुःख नाही. पण न तपासता कुणालाही नकली म्हणू नका, आणि न तपासता कुणालाही मेलेलं ठरवू नका. आता अपूर्वा मोठी झाली आहे, पुण्यात खरीखुरी नगररचना शिकवते, असं या घरातल्या बोलण्यावरून कळतं. ती आपल्या विद्यार्थ्यांना सांगते म्हणे की तिचं पहिलं शहर एका खराब डिस्कमध्ये नष्ट झालं. तिला कुणीतरी सांगा हो, की डिस्क खराब नव्हती. मला कुणी पुन्हा जोडूनच पाहिलं नाही.