पुसलेले घुबड

नील नदीला पूर आला होता. तांबड्या, तुडुंब, तृप्त जळाने काळ्या मातीचे सारे बांध गिळले होते. खजुरांची झाडे कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि शुभ्र बगळे बुडालेल्या शेतांवरून मालकासारखे हिंडत होते. पूर्वतीरावर सूर्य रोज जन्मे, पश्चिमतीरावर रोज मरे. म्हणून त्या देशात माणूस गेला की नुसते 'पश्चिमेला गेला' म्हणत, आणि ऐकणारा मान हलवून गप्प होई.

त्याच पश्चिमतीरावर, पिवळ्या डोंगराच्या कुशीत, राजांची थडगी कोरणाऱ्या पाथरवटांचे गाव होते. त्या गावात वेबखेत रडत असे. रडणे हाच तिचा धंदा.

मृत्यू कुणाच्याही दारी येवो, बोलावणे वेबखेतला येई. मुक्त केश, धूलिधूसर मस्तक, ऊर्ध्व बाहू, आणि कंठातून उसळणारा तो आवेगी, आर्त, आकाशभेदी टाहो. परक्यांच्या बापांसाठी ती रडली, परक्यांच्या लेकरांसाठी रडली, ज्यांचे तोंडही पाहिले नव्हते अशांसाठी रडली. वेबखेत रडली की डोंगराला पाझर फुटतो, असे गावात म्हणत, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती.

आता तीच खाटेला खिळली होती. रडून रडून झिजलेला तो कंठ घरघरत होता.

तिची लेक हुनरो उशाशी बसली. तिच्या तळहातावर एक हिरवा दगड होता, भुंगेऱ्याच्या आकाराचा, गुळगुळीत, पाण्यात बुडवून काढल्यासारखा. हुनरोच्या नवऱ्याने तो सासूसाठी कोरला होता. मेलेल्याच्या छातीवर, काळजाच्या बरोबर वर, असा भुंगेरा ठेवायची तिथली रीत. कारण परलोकात काळीज तराजूत पडते, समोरच्या पारड्यात सत्याचे पीस असते, आणि माणसाने लपवलेले सगळे काळीज बोलू लागते. काळजाचे पारडे खाली गेले तर शेजारी मगरमुखी, सिंहदेही भक्षिणी टपलेली. तिने ते गिळले की माणूस संपला. मग कुणाची कुणाला भेट नाही.

"वाच," वेबखेत म्हणाली.

हुनरोने दगड उलटा करून वाचले. "माझ्या आईकडून मला मिळालेल्या हृदया, माझ्यासमोर साक्षीला उभे राहू नकोस."

म्हातारी हसली. "आईकडून मिळालेलं म्हणायचं, आणि त्याचंच तोंड बांधायचं?"

"सगळेच ठेवतात, आई."

"सगळ्यांना लपवायचं असतं. मला सांगायचंय."

काय सांगायचे ते हुनरोला ठाऊक होते. सगळ्या गावाला ठाऊक होते. पण गावात अळीमिळी गुपचिळी.

हुनरोचा बाप केन्ना पाथरवट होता. नव्या राजाने एका मृत राणीचे नाव भिंतीवरून तासून टाकायला सांगितले. त्या देशात नाव पुसले की मेलेला माणूस पुन्हा मरतो, आणि या खेपेला कायमचा. केन्नाने छिन्नी खाली ठेवली. "कोरायला आलोय, पुसायला नाही," एवढेच म्हणाला. त्याला पूर्वेच्या वाळवंटात, खाणींवर धाडले. तिथून तो आला नाही, आला तो हुकूम: याचे नाव कुणी घेऊ नये, याच्यासाठी कुणी रडू नये.

परक्यांसाठी जन्मभर टाहो फोडणारीला स्वतःच्या नवऱ्यासाठी एक हुंदका देण्याची चोरी झाली. पोटात हुनरो होती. वेबखेतने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. पण त्यानंतरच्या प्रत्येक प्रेतयात्रेत ओठांवर परक्याचे नाव असे आणि ओठांखाली, बरगड्यांच्या आत, तिचे काळीज केन्ना, केन्ना म्हणत असे.

"इथं गप्प बसले ती तुझ्यासाठी," म्हातारी म्हणाली. "तिथं कुणासाठी बसू? देवांसमोर त्याचं नाव घेणारं दुसरं कोण आहे?"

"आणि त्या भक्षिणीनं गिळलं तर?"

"गिळू दे. तिच्या पोटात बसून घेईन त्याचं नाव."

पूर ओसरू लागला तेव्हा वेबखेत पश्चिमेला गेली.

तिथल्या रीतीप्रमाणे तिचा देह मिठात वाळत होता आणि हुनरो उंबऱ्यावर दगड घेऊन बसली होती. भुंगेरा ठेवावा तर बाप पुन्हा मरतो. न ठेवावा तर आई उघडी पडते. तिला दोघेही हवे होते. तिला राग आला, राजाचा, रीतीचा, त्या मऊ हिरव्या दगडाचा.

ऊन कलले. तिरप्या किरणांत अक्षरे उठून दिसू लागली, आणि त्यांतले एक घुबड तिच्याकडे टक लावून पाहू लागले. त्यांच्या लिपीत 'नको' असे लिहिले जाई: क्रियेच्या आधी एक घुबड काढायचे, की ती क्रिया निषिद्ध. सारा निषेध त्या एका पाखराच्या जिवावर.

धान्याच्या रांजणामागे, फडक्यात, बापाची छिन्नी होती. तांब्यावर हिरवा गंज चढलेला. जिने राणीचे नाव पुसले नाही, त्याच छिन्नीने हुनरोने ते घुबड पुसले. चोच गेली, डोळे गेले, पंख गेले. मग तिने फुंकर मारली आणि मोठ्याने वाचले.

"माझ्या आईकडून मला मिळालेल्या हृदया, माझ्यासमोर साक्षीला उभे राहा."

यात्रा निघाली. डोंगर सुवर्णपीत, नदी ताम्रवर्ण, चिखलातून पहिले कोवळे हिरवे. हुनरोने केस मोकळे सोडले, मस्तकी धूळ घेतली, बाहू उभारले. वाटेच्या कडेला खाणींवरचा मुकादम, हुकूम मोडला जात नाही ना ते पाहत, काठी टेकून उभा होता. तिने आईचे नाव घेतले. मग त्याच श्वासात, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, बापाचे.

केन्ना.

बायका थबकल्या. मुकादमाची काठी वर उचलली गेली. मग मागून एका म्हातारीने, वेबखेतच्याच जोडीदारणीने, तेच नाव घेतले, आणि मग सगळ्यांनी. इतक्या जणींवर एक काठी काय चालणार. ती खाली आली आणि पुन्हा वाळूत टेकली.

डोंगराने नाव ऐकले, डोंगराने नाव परत दिले, केन्ना, केन्ना, एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर. आणि देहाला गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या आत, गंधाच्या आत, घुबड नसलेल्या हिरव्या दगडाखाली, एक काळीज साक्षीला उभे राहिले.