मागच्या दारावरचा कॅमेरा

कापूस घरात आला की माणसं अंगणात येतात. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. भाव पडला की आपण म्हणतो, थांबू जरा, चढेल. मग बैठकीतला पलंग बाहेर निघतो, पाहुण्यांना ओट्यावर बसवतात आणि खोलीत छताकडे चढणारा पांढरा ढीग घरमालक होऊन बसतो. दोन हजार पंधराच्या आसपासची वर्षं अशीच गेली. भाव चढेना, कापूस हलेना, आणि ज्याच्या घरात कापूस त्याच्या डोळ्याला झोप नाही.

राळेगावच्या गुलाम नबींची तीच गत होती. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. सारी उमर इंजिनाच्या काळ्या तेलात गेली आणि साठीला आल्यावर हौसेनं शेत घेतलं. कापसाचं हे त्यांचं पहिलंच वर्ष, त्यामुळे भीतीही पहिलटकराची होती. कुठल्याशा गावात कोणाच्या घरातून कापूस चोरीला गेला, असं गॅरेजवर कोणीतरी सांगितलं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं. त्यांनी खोलीच्या भिंतीवर ढिगाच्या उंचीला खडूनं रेघ मारली आणि यवतमाळच्या एका कंपनीला बोलावलं.

कंपनीच्या माणसांनी दोन दिवस भिंती टोकरल्या. घराला चार कॅमेरे लागले, दार उघडलं की बोंबलणारा भोंगा लागला, ओसरीत पडदा लागला. जाताना त्यांचा साहेब म्हणाला, "काही दिवस वापरून पाहा. पसंत पडलं की सही द्या, मग आमचं काम झालं."

पारखायचं काम सुनेकडे आलं. नाहिदनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, त्यामुळे घरात जे जे बटणावर चालतं ते तिच्याच गळ्यात पडत असे.

"पोरी, तू नीट पाह्य," गुलाम नबी म्हणाले. "मले यातलं काई समजत नाई. तू म्हणशील तवाच सही."

हे बोलणं पुढे आपल्यालाच जड जाईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

नाहिदनं काम मनावर घेतलं. पहिल्याच दिवशी भोंगा तीनदा बोंबलला, आणि तिन्ही वेळा गल्लीतल्या बोक्यासाठी. पहिल्या खेपेला शेजारी काठ्या घेऊन धावले, दुसऱ्या खेपेला खिडकीतून डोकावले, तिसऱ्या खेपेला कोणी ताटावरून उठलंसुद्धा नाही. लाईन गेली की कॅमेरे आंधळे होत. आपल्याकडे लाईन किती वेळा जाते, ते चोरालाही तोंडपाठ असतं. हे सगळं तिनं मनात नोंदवून ठेवलं.

पण पडद्यासमोर निवांत बसली तेव्हा तिला दुसरंच काही दिसलं. एक कॅमेरा अंगणात होता. दुसरा कापसाच्या खोलीवर. तिसरा मागच्या दारावर, आणि चौथा मागच्या बोळात, जिथून मजूर बाया ये-जा करतात. रस्त्याकडच्या पुढच्या दारावर एकही नव्हता. म्हणजे चोर पुढून आला तर त्याला कोणी पाहणार नव्हतं, आणि नाहिद अंगणात डोक्यावरून पाणी घेऊन केस वाळवत बसली तर ते गॅरेजवर बसून मोबाईलवर पाहता येणार होतं. ते पाहिलंही जात होतं. दुपारी तिच्या नवऱ्याचा, आसिमचा गॅरेजवरून फोन आला.

"आज अंगणात कोण आलतं? निळ्या साडीतली?"

"माही मैत्रीण आलती. काहून?"

"काई नाई. असंच विचारून राह्यलो."

असंच. नाहिदला या 'असंच'चा राग आला. दुसऱ्या दिवसापासून ती अंगणात बसेनाशी झाली आणि त्यामुळे तिचा राग आणखी वाढला.

तेवढ्यात ती रेघेची भानगड झाली. एका सकाळी गुलाम नबींनी खोलीत डोकावलं तर ढीग खडूच्या रेघेच्या हातभर खाली! त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. गॅरेज सोडून ते पडद्यासमोर ठाण मांडून बसले आणि मागचं सगळं पाहू लागले. दुपारपर्यंत त्यांना चोर सापडला. मागच्या दारातून रुपीबाई जात होती, आणि तिची ओटी टरारून फुगलेली होती.

रुपीबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची. त्या शेतातला कापूस ती आधीच्या मालकाच्या काळापासून वेचत आली होती, आणि शेत विकलं गेलं तेव्हा तिच्यासह वेचणाऱ्या बायाही नव्या मालकाकडे आल्या. रोज संध्याकाळी घराच्या मागच्या दारी काटा लागायचा, बायांची गाठोडी मोजली जायची, तो नवा कापूस बाजूच्या खोलीत पडायचा आणि त्या परत जायच्या. बोलायला ती फटकळ होती, पण तिच्या हातचा कापूस स्वच्छ. कचऱ्याची काडी सापडायची नाही.

गुलाम नबींनी तिला काही विचारलं नाही. ते मोबाईल घेऊन गॅरेजवर गेले आणि चहा पिणाऱ्या चारचौघांना ते चित्र दाखवलं. "पाह्या, म्हणून कॅमेरा लागते." चौघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, तांड्यावरचे असेच. आपण सगळ्यांनी हे वाक्य कुठे ना कुठे ऐकलेलं आहे, आणि ऐकून गप्प बसलेले आहोत.

संध्याकाळी काटा झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं. "आजपासून घरी जाताना एकेकीनं या कॅमेऱ्यापुढे उभं राह्याचं आणि ओटी झटकून दाखवायची."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. रुपीबाई पुढे आली.

"कायले?"

"कापूस कमी झाला. आणि तुही ओटी भरेल होती, मी सोता पाह्यली."

"त्यात शेंगा होत्या," नाहिद स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुरीच्या. मीच टाकल्या तिच्या ओटीत, चुलीपाशी. वेचणाऱ्या बायांना शेंगा द्यायच्या, ही इथली रीतच हाये, अब्बा."

"शेंगा असतील. मंग कापूस कुठं गेला? नियम तो नियम. कोणाच्या मनात काई नसन तर झटकायले काय जाते?"

"काय जाते?" रुपीबाईचा आवाज चढला नाही. "नबीभाऊ, माह्या सासूनं याच शेतात कापूस वेचला. तिले कोणी पदर झटक म्हटलं नाई. मी बी झटकनार नाई. काम सोडीन."

तेव्हा नाहिदनं जे केलं ते त्या घरात आजवर कोणत्या सुनेनं केलं नव्हतं. ती कॅमेऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ओढणी दोन्ही हातांनी पसरून धरली.

"तर मंग सुरुवात घरापासून करा, अब्बा. कापसाच्या खोलीची चावी माह्याजवळ असते. पहिले माही झडती घ्या. मंग तुमच्या लेकाची. त्याच्या शर्टाले खिसे हायेत. मंग तुमची सोताची. त्याच्यानंतर या बाया."

"तू अंदर जा."

"नाई जात. तुम्हीच म्हटलं ना, पोरी, नीट पाह्य? मी पारखून राह्यली."

सुनेपुढे माघार घ्यायची, तीही मजुरांच्या देखत? गुलाम नबींनी मान फिरवली आणि नियम तो नियम, एवढंच पुन्हा म्हटलं. रुपीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती बोळाकडे चालू लागली. एकामागून एक सगळ्या बाया तिच्यामागे गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेतात कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ऐन हंगाम होता, वेचायला माणूस मिळत नव्हतं, आणि कापसाच्या पऱ्हाटीवर फुटलेली बोंडं लोंबायला लागली होती. वारा सुटला की कापूस मातीत पडत होता. आसिम मोटरसायकलवर तीन गावं हिंडून आला. एकीनंही होकार दिला नाही. झडतीची गोष्ट त्याच्या आधी पोचली होती.

तेवढ्यात गुलाम नबींची बायको हुस्नाबी परत आली; कॅमेरे लागायच्या आधीपासून ती मुकुटबनला बहिणीकडे होती. ती शेतकऱ्याची लेक. लहानपण कापसाच्या ढिगावर उड्या मारण्यात गेलेलं. सगळं ऐकून तिनं आधी खोलीत डोकावलं, रेघ पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"ही कोणी मारली?"

"मी," गुलाम नबी म्हणाले. "चोरी झाली का नाई, ते समजावं म्हणून."

"चोरी नाई झाली, ढीग बसला. कापूस भरला की आपल्याच वजनानं दबते. दर वर्षी दबते, घरोघरी दबते. मले एक फोन केला असता तर सांगितलं असतं. पण तुम्हाले कॅमेऱ्याले विचारायचं होतं." मग तिनं पदर खोचला. "नाहिद, ये वं इकडे."

दोघी ढिगात शिरल्या आणि हातांनी कापूस उपसून मोकळा करू लागल्या. तासाभरात तो फुलून रेघेला टेकला, आणि एका कोपऱ्यात रेघेच्याही वर गेला. गुलाम नबी दारात उभे राहून पाहत होते. हुस्नाबी केसातला कापूस झटकत म्हणाली, "घ्या. चोरानं माल आणून देला, वरतून थोडा ज्यादाच."

आसिम हसला. नाहिद हसली नाही.

"गलती झाली," गुलाम नबी म्हणाले. "नाहिद, तू जा तांड्यावर. रुपीबाईले म्हण, झालं गेलं सोडून दे. उद्यापासून ये."

"मी नाई जाणार, अब्बा."

"काहून?"

"चोर म्हणून तुम्ही चारचौघांत दाखवलं. आता माफी मात्र सुनेच्या हातून, गुपचूप? बदनामी पुढच्या दारानं आणि माफी मागच्या दारानं, असं नाई चालत."

गुलाम नबींनी बायकोकडे पाहिलं. हुस्नाबीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. तेव्हा त्यांना उठावंच लागलं.

तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर दुपारची माणसं बसली होती. गुलाम नबी तिथे उभे राहिले, हुस्नाबी आणि नाहिद त्यांच्या मागे. रुपीबाई घरातून बाहेर आली. तिनं बसा म्हटलं नाही.

"रुपीबाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू चोरी केली नाई. कापूस जागच्या जागी होता. माही चूक झाली."

सगळ्यांना वाटलं, मिटलं. पण रुपीबाई हलली नाही.

"मी चोरी केली नाई, ते मले माहीत होतं. तुम्ही वेगळं सांगा. कापूस खराच गेला असता, तर बायांचे पदर झटकनं बरोबर होतं?"

वाचकहो, प्रश्न गुलाम नबींना होता, पण तो तुम्हाला नि मलाही आहे. बाई निर्दोष निघाली की आपण हळहळतो, माफी मागतो, मोठेपणा मिरवतो. ती निर्दोष निघेपर्यंत मात्र तिच्या अब्रूवर आपला हक्क असतो, असं आपण खुशाल धरून चालतो! गुलाम नबी इंजिन उघडणारा माणूस, बिघाड कुठे आहे ते शोधायची त्यांना सवय होती. या खेपेला तो त्यांना स्वतःत सापडला.

"नाई," ते म्हणाले. "तरी बी बरोबर नव्हतं. चोरी झाली असती तर मी चोर धुंडायचा होता. तुम्हा साऱ्याईले चोर धरून चालायचं नव्हतं."

"हे गॅरेजवर बी सांगाल? ज्याईले दाखवलं, त्याईच्यासमोर?"

"सांगीन. तू ये, तुह्यासमोर सांगतो."

"येईन," रुपीबाई म्हणाली. "आणि कामावर बी येईन. पण मागच्या बोळातून नाई. आम्ही तुमच्या घरात कापूस आनतो. लक्ष्मी आनतो म्हणता ना? तिले मागून कायले घेता?"

गॅरेजवर ते बोलले. सोपं गेलं नाही, पण बोलले. तांड्यावरचे असेच म्हणणारा गृहस्थ चहाचा कप ठेवून निघून गेला, आणि रुपीबाईनं त्याच्या पाठीकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी कंपनीचा साहेब सहीसाठी आला. नाहिदनं त्याला बसवलं आणि एकेक गोष्ट सांगितली. भोंगा बोक्याला आणि माणसाला एकाच मापानं मोजतो, तो दुरुस्त करा. लाईन गेली तरी चालेल अशी बॅटरी लावा. अंगणातला कॅमेरा काढा. मागच्या दारावरचा आणि बोळातला काढून पुढे रस्त्याकडे लावा. हे झालं की सही.

साहेब हसला. "मॅडम, मागचा राहू द्या. सगळेच ठेवतात. कामवाल्या माणसांवर नजर राहते."

"तुम्हाले आम्ही पुढच्या दारानं आत घेतलं," नाहिद म्हणाली, "आणि तुमची बॅग कोणी तपासली नाई. काहून, ते सांगा बरं?"

साहेबानं बॅग मांडीवर ओढून घेतली. ओसरीत बसलेल्या गुलाम नबींकडे त्यानं आधारासाठी पाहिलं.

"माह्याकडे पाहू नका," गुलाम नबी म्हणाले. "शिडी मी धरतो, तुम्ही कॅमेरा काढा."

साहेब शिडीवर होता तेव्हा बाया शेतातून आल्या, पुढच्या दारानं. डोक्यावर गाठोडी असल्यामुळे चौकटीशी वाकावं लागत होतं, पण एकही बाई बोळाकडे वळली नाही. रुपीबाईनं गाठोडं काट्यापाशी टाकलं, वर भिंतीतल्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नबीभाऊ, थे भोक बुजवा लवकर. पाली शिरतील."

घराला कुलूप लावा, कॅमेरेही लावा. चोर आहेत, ते कोणी नाकारत नाही. पण कॅमेरा कोणाकडे तोंड करून लावला आहे, ते एकदा आपल्या घरी जाऊन पाहा. तो दारावरच्या चोरासाठी असेल तर राहू द्या. आपल्यासाठी राबणाऱ्या हातांवर आणि घरातल्या सुनेवर रोखलेला असेल, तर तो काढून टाका. शिडी धरायला कोणी नसलं तरी काढा.