जोडीदाराने बोलायचं नाही

एलिएसेरने हातातली ताटली छातीशी धरली आणि तो खांबामागे उडी मारून लपला. उडी म्हणजे त्याच्या वयाला आणि पोटाला झेपेल तेवढीच. त्या गडबडीत तळलेल्या केळ्याचा एक काप घरंगळला आणि चकचकीत फरशीवरून बराच लांब गेला. तीन दिशांनी तीन वेटर धावले. एकाने काप उचलला, दुसऱ्याने फरशी पुसली. तिसऱ्याला करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्याने अदबीने विचारलं,

"सर, इथेच टेबल लावून देऊ का? खांबापाशी?"

"हळू बोल," एलिएसेर कुजबुजला. "तो खिडकीजवळचा निळ्या शर्टातला माणूस इकडे बघतोय का?"

तिघांनीही एकदम माना वळवून पाहिलं.

"बघताहेत सर. बोलावू त्यांना?"

"खबरदार!"

एलिएसेरने खांबाआडून एक डोळा बाहेर काढला. मधल्या पन्नासेक टेबलांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, घड्या घातलेले रुमाल आणि पालथे ग्लास होते, माणूस एकही नव्हता. त्या पलीकडे त्याचा थोरला भाऊ विल्फ्रेदो बसला होता आणि सरळ त्याच्याकडेच बघत होता. ओळखीचं हसू नाही, कपाळावर आठी नाही. जसं काही एलिएसेर म्हणजे हवा. हे मात्र एलिएसेरला झोंबलं. दीड वर्षाचा अबोला असला म्हणून काय झालं? निदान तोंड तरी वाकडं करावं माणसाने.

तो पाय आपटत आपल्या टेबलाशी आला. त्याची बायको नेरेइदा सूप पीत होती.

"विल्फ्रेदो आहे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? जहाजावर!"

"हो का?" असं म्हणून नेरेइदाने चमचा इतका मन लावून फिरवला, की सूपमध्ये तिचं काहीतरी हरवलं असावं असं वाटलं.

शेजारी बसलेली त्यांची मुलगी यारित्सा एकाएकी छतावरची झुंबरं बघायला लागली. एलिएसेरने आयुष्यभर लोकांचे बिघडलेले फ्रिज दुरुस्त केले होते. आवाज कुठून येतो हे त्याला न उघडताच कळायचं.

"तू आणि अविल्दाने मिळून ठरवलंत हे?"

अविल्दा म्हणजे विल्फ्रेदोची बायको. नेरेइदाने चमचा खाली ठेवला.

"आम्हाला काय माहीत जहाज असं ओसाड असेल? तीन हजार माणसांचं जहाज आहे म्हणाले. वाटलं, तुम्ही दोघं दोन टोकांना उन्हात पडाल, रम प्याल, जरा सैल व्हाल. मग शेवटच्या रात्री जेवायला एका टेबलावर आणायचं."

"पुढच्याच बंदरात उतरतो मी."

"बेटांवर उतरू देत नाहीत, बाबा," यारित्सा झुंबराकडे बघतच म्हणाली. "लांबूनच दाखवणार आहेत."

साथीमुळे वर्षभर बंद असलेल्या बोटी तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. सान हुआनच्या धक्क्यावर सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या, लसीची कार्डं उलटसुलट करून पाहिली आणि मग त्यांना आत सोडलं. आत एखाद्या बेताच्या लग्नाला जमतात तेवढीच माणसं होती. खलाशी, आचारी, वेटर, गाणारे आणि नाचणारे मात्र सगळे हजर होते. महिनोन्‌महिने ते बिचारे पाहुण्यांवाचून झुरले होते. तुम्ही खुर्चीत टेकलात की कोणीतरी उशी आणायचं, उठलात की दुसरं कोणीतरी ती झटकायचं.

आणि अशा जहाजावर पळायला जागा वाटेल तेवढी असली, तरी लपायला कुठेच नव्हती.

भांडण आईच्या मातीचं होतं. त्यांची आई प्रोविदेन्सिया पहिल्या टाळेबंदीत बायामोनच्या घरी झोपेतच गेली, साथीने नाही, वयाने. दफनाला मोजक्याच माणसांना परवानगी होती, त्यात थोरल्या मुलाचं नाव पहिलं. पण विल्फ्रेदो मायाग्वेसहून आलाच नाही. "रस्ता बंद आहे," म्हणाला. रस्ता बंद नव्हता. मयतीला जाणाऱ्यांना पोलीस सोडत होते. आणि हे म्हणणारा माणूस कोण, तर ज्याने तीस वर्षं मायाग्वेस ते सान हुआन वडापची गाडी चालवली, ज्याला त्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण नावानिशी ठाऊक होतं! तरी एलिएसेरने कबरस्तानात पूर्ण वेळ फोन हातात धरून ठेवला, भावाला दिसावं म्हणून. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने आईच्या पेटीला आधार. संध्याकाळी विल्फ्रेदोचा फोन आला.

"मला काहीच दिसलं नाही. नुसता तुझा अंगठा."

"बघायचं होतं तर यायचं होतंस," एलिएसेर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर दोघांनीही तो उचलला नव्हता.

आता टाळाटाळ सुरू झाली. एलिएसेर सकाळी लवकर डेकवर जाऊन बसला, तर तिथे जहाजाचा मनोरंजन-प्रमुख फाब्रिसियो हजर. हा मोन्तेविदेओचा उमदा गडी हातात मायक्रोफोन घेतल्याशिवाय श्वासही घेत नसे.

"सुप्रभात, माझ्या लाडक्या प्रवाशांनो!" तो एकट्या एलिएसेरकडे बघून गरजला. "कशी झाली झोप? मला ऐकू येत नाहीये!"

"बरी झाली," एलिएसेर म्हणाला.

"आणखी मोठ्याने!"

एलिएसेर उठून लिफ्टकडे गेला. लिफ्टचं दार उघडलं तर आत विल्फ्रेदो, अविल्दाच्या दंडाला धरून उभा. त्याने एलिएसेरकडे पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवून, एखाद्या परक्याला म्हणावं तसं "गुड मॉर्निंग" म्हटलं. अविल्दाने नवऱ्याला कोपराने ढोसलं. एलिएसेर जिन्याने आठ मजले उतरला. गुडघे कुरकुरले, पण अभिमान शाबूत राहिला.

नाट्यगृहात तर कहरच झाला. हजारभर खुर्च्यांमध्ये जेमतेम वीस माणसं होती. जादूगाराचं मन मोडू नये म्हणून दारावरच्या मुलींनी सगळ्यांना गोड बोलून पहिल्या रांगेत आणून बसवलं. दोन्ही भावांच्या मध्ये एकटी यारित्सा उरली. जादूगाराने पहिल्याच रांगेकडे बोट केलं.

"तुम्ही दोघं भाऊ का हो? मास्कमुळे चेहरे दिसत नाहीत, पण कान एकाच कारखान्यातले दिसतात."

"नाही!" दोघंही एकाच वेळी, एकाच आवाजात, एकाच तिरसटपणाने म्हणाले. त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त हशा त्यालाच पिकला. जादूगार थोडा खट्टू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाब्रिसियोने भव्य डोमिनो स्पर्धा जाहीर केली. सगळ्या मजल्यांवर, मोकळ्या जिन्यांत आणि रिकाम्या खोल्यांबाहेर त्याचा आवाज घुमला. स्पर्धेला चौघं आले. नेरेइदा आणि अविल्दा आपल्या पायांनी आल्या. एलिएसेरला यारित्साने आणलं. "बाबा, फक्त बघायला चला," म्हणाली. विल्फ्रेदोला काय सांगून आणलं देव जाणे, पण तो आला आणि खुर्चीची पाठ चाचपून बसला.

फाब्रिसियोने कप्तानाच्या टोपीत चार चिठ्ठ्या टाकल्या, डोळे मिटले आणि दोन काढल्या.

"पहिली जोडी! सेन्योर एलिएसेर आणि सेन्योर विल्फ्रेदो!"

उरलेल्या दोन चिठ्ठ्या त्याने इतक्या चपळाईने खिशात घातल्या, की एलिएसेरने बायकोकडे रोखून पाहिलं. नेरेइदा पदक मिळाल्यासारखी बसली होती.

उठून जाणं शक्य होतं. पण डोमिनोच्या टेबलावरून उठून जाणारा माणूस अख्ख्या बायामोनमध्ये जन्माला आला नव्हता, आणि नियम फाब्रिसियोने वाचून दाखवला तो तर एलिएसेरच्या पथ्यावरच पडणारा होता. जोडीदार समोरासमोर बसतील. जोडीदाराने जोडीदाराशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत.

"हे उत्तम," एलिएसेर म्हणाला.

"मलाही चालेल," विल्फ्रेदो हवेत बघून म्हणाला.

सोंगट्या पालथ्या घालून खळखळ फिरवल्या गेल्या. पहिले दोन डाव या भावांनी असे मारले, की नेरेइदाचं पदक उतरलं. लहानपणी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते असेच समोरासमोर बसायचे. विल्फ्रेदो किती वेळ थांबतो यावरून त्याच्या हातात काय आहे ते एलिएसेरला कळायचं. अजूनही कळत होतं. त्याला याचा रागच आला. दीड वर्ष एका माणसाशी बोलायचं नाही म्हणून मन घट्ट करावं, आणि बोटांनी मात्र तिकडे आपला संसार मांडून बसावं!

अविल्दा सोंगटी टाकताना उगाच बडबडत होती. "हं, घ्या चार. इकडे चार, तिकडे एक." नेरेइदाचं तसं नव्हतं. ती हरायला लागली की तोंड मिटून खेळायची. तिसऱ्या डावात तिने काही न बोलता सोंगटी सरकवली आणि हात मागे घेतला.

विल्फ्रेदोने आपली सोंगटी लावली. पाचाला पाचच जुळवायचा असतो; त्याने पाचाशेजारी चार ठेवला.

टेबलावर शांतता पसरली. असली चूक आठ वर्षांचं पोरही करत नाही. नेरेइदाने "अहो" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं, कारण अविल्दाने टेबलाखालून तिचा हात गच्च धरला होता. विल्फ्रेदोला ती शांतता कळली. त्याचे कान लाल झाले. त्याने हात पुढे केला आणि मधल्या सोंगटीवरून हळूच बोटांची टोकं फिरवली. एक खळगा, दोन, चार कोपऱ्यांतले चार आणि मधला एक.

"पाच आहे होय," तो पुटपुटला. "उजेड कमी आहे इथे."

काचेच्या छतातून कॅरिबियन दुपार टेबलावर ओतली जात होती. एलिएसेरने आपल्या सोंगट्यांकडे पाहिलं, मग भावाच्या हातांकडे. ते हात त्याच्यासमोर होते, पण त्याला आठवत होतं भलतंच. आई गेली त्याच्या थोडं आधीच विल्फ्रेदोने गाडी विकली होती. कंटाळा आला म्हणाला होता. अविल्दाला गाडी चालवता येत नाही, कधीच येत नव्हती. मायाग्वेसहून बायामोनला यायला तेव्हा ना बस होती, ना कोणाला शेजाऱ्याच्या गाडीत बसण्याची सोय.

विल्फ्रेदोने चुकलेली सोंगटी मागे घेऊन दुसरी लावली. अविल्दा खेळली. एलिएसेरची पाळी आली. त्याने सोंगटी उचलली आणि टेबलावर अशी आपटली, की फाब्रिसियो दचकला.

"सहा!" तो ओरडला. "या टोकाला सहा, आणि त्या टोकाला तीन! घ्या!"

"सेन्योर एलिएसेर," फाब्रिसियो चाचरत म्हणाला, "जोडीदाराशी बोलायला मनाई—"

"मी जोडीदाराशी कुठे बोलतोय? मी बायकोला टोमणे मारतोय. त्याला मनाई आहे का?"

फाब्रिसियोने नियमांचा कागद खालीवर पाहिला. त्याला मनाई नव्हती.

मग एलिएसेर प्रत्येक सोंगटीला ओरडू लागला. स्वतःच्याच नाही, सगळ्यांच्या. "वा, नेरेइदा, दोन लावलास! एवढंच जमतं तुला! विल्फ्रेदो साहेबांनी बघा कसा एक लावलाय!" आरडाओरडा ऐकून वेटर जमले, आचारी टोप्या घालून आले, काल खट्टू झालेला जादूगारही आला. इतके दिवस माणसांचा गलका ऐकायला तरसलेलं सगळं जहाज त्या एका टेबलाभोवती गोळा झालं. ओरडता ओरडता एलिएसेरचं स्वतःच्या हाताकडे लक्षच राहिलं नाही. बायकांनी तो डाव जिंकला, पुढचाही जिंकला आणि स्पर्धाही.

टाळ्यांच्या कडकडाटात विल्फ्रेदो टेबलावर पुढे वाकला.

"गाढवा," तो म्हणाला. भाऊ म्हणून दीड वर्षातला हा पहिला शब्द होता. "तुझ्याकडे डबल दोन होता. का नाही लावलास?"

"तुला काय माहीत माझ्याकडे काय होतं?"

"मागच्या फेरीला थांबलास ना तू. एवढा वेळ तू फक्त डबल दोन असला की थांबतोस. आई जिवंत असती तर कानफटीत दिली असती तुझ्या."

"तुझ्यापण," एलिएसेर म्हणाला.

नंतर दोघं डेकवर जाऊन बसले. फाब्रिसियोने स्वतः बिअर आणून दिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता निघून गेला. विल्फ्रेदोने खुर्ची सरकवून घेतली, ती समुद्राकडे पाठ करून. समोर दोरांना टांगलेली नारिंगी जीवनरक्षक होडी तेवढी होती.

"छान दिसतोय समुद्र," तो म्हणाला.

एलिएसेरने आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून ठेवली.

"छान आहे," तो नारिंगी होडीकडे बघत म्हणाला. "लाटा फारशा नाहीत. लांबवर एक बेट आहे, डोक्यावर ढग घेऊन बसलंय."

"हिरवं?"

"हिरवंगार."

विल्फ्रेदोने बिअरचा घोट घेतला. खाली कुठेतरी वाद्यवृंद वाजायला लागला, रिकाम्या नाचघरासाठी.

"पाद्रीने काय केलं ठाऊक आहे त्या दिवशी?" एलिएसेर एकदम म्हणाला. "तोंडावर दोन मास्क, हातात दोन बाटल्या. एक पवित्र पाण्याची, एक सॅनिटायझरची. आईच्या पेटीवर शिंपडली ती दुसरीच. अख्ख्या कबरस्तानात दवाखान्याचा वास."

विल्फ्रेदोच्या खांद्यांना हिसका बसला. मग आणखी एक. तो हसत होता, नाहीतर हसण्यासारखंच काही करत होता.

"आईला आवडलं असतं," तो म्हणाला. "स्वच्छतेची हौस होती तिला." त्याने बाटली खुर्चीच्या पायाशी ठेवली, जागा चाचपून. "मधलं नको सांगूस. पहिल्यापासून सांग."

"पहिल्यापासून म्हणजे कुठून? पेटी आली तिथून?"

"नाही. फाटकापासून. तिथे गाडी कुठे लावलीस तू?"

"फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला. नीरफणसाचं झाड आहे ना, त्याच्याखाली."

"तिथे लावायची नसते. फळं पडतात टपावर."

"एक पडलंच."

"मग," विल्फ्रेदो खुर्चीत मागे रेलत म्हणाला, "मी असतो तर भिंतीच्या सावलीला लावली असती. बरं. गाडी लावली. पुढे?"