तेरा इंचांचा दस्ता

अर्डिसने फितीचं टोक बंदुकीच्या चापावर दाबून धरलं आणि फीत दस्त्याच्या शेवटापर्यंत ओढली. तेरा इंच. तिने पुन्हा मोजलं. मेले तेरा ते तेराच.

तिचा नवरा ऑर्विल बाहेर ट्रकमधून सरपण उतरवत होता. तिने बंदूक होती तशी परत ठेवली, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. अख्ख्या सॅमन गावात तेरा इंच माप कुणाचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बंदूक बनवायच्या आधी ऑर्विल प्रत्येक गिऱ्हाइकाचा हात कोपरात वाकवायचा, दस्त्याच्या लांबीसाठी कोपराच्या आतल्या लवणीपासून बोटापर्यंत माप घ्यायचा आणि कार्डावर लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचा. नेडीनचं तेरा इंचांचं कार्ड अर्डिसने शंभरदा वाचलं होतं. नेडीन म्हणजे त्याची पहिली बायको. सोडून गेली, पण गेली कुठे? तर नदीपलीकडे! दर शनिवारी किराणा दुकानात "कशी आहेस गं?" विचारायला मोकळी. सवत लांब असावी, निदान दुसऱ्या जिल्ह्यात तरी.

हिवाळाभर ऑर्विल या बंदुकीला चिकटून होता. नळी तासून बारीक केली, बोल्टची मूठ पोकळ केली, दस्ता आतून कोरला. प्रत्येक औंस घटला की स्वयंपाकघरात वर्दी यायची.

"सव्वापाच पौंड! हरणाला चालेल, एल्कला चालेल, कड्यावरच्या रानबोकडामागे दिवसभर चढलं तरी खांदा कुरकुरणार नाही."

"कुणाचा खांदा?"

"आहे एक गिऱ्हाईक."

"डब्यात कार्ड दिसलं नाही."

"या मापाला कार्ड कशाला? पाठ आहे मला."

पाठ आहे म्हणे! अर्डिसने त्या दिवशी भांडी अशी आपटली की मांजर पळून गेलं. लग्नाला सात वर्षं झाली तरी ती स्वतः ऑर्विलची जुनी नऊ पौंडी बंदूक वागवत डोंगर चढत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी ऑर्विलने ती बंदूक कांबळ्यात गुंडाळून आणली आणि अंड्यांच्या ताटल्या सारून टेबलावर ठेवली.

"कुणाकडे पोचवायची?" अर्डिस म्हणाली. "नदीपलीकडे?"

"अगं वेडे, तुझीच आहे ती."

हिवाळाभर मनातल्या मनात घातलेल्या शिव्या आठवून अर्डिसचे कान तापले. बंदूक उचलली, तर हातात काही आहे असं वाटेचना. तिला रडू आलं आणि हसूही. घटकाभर ती तेरा इंच साफ विसरली.

मग तिने बंदूक खांद्याला लावली. कोपर दुमडून बरगडीला टेकलं, अंगठा नाकाला लागला, बंदुकीवरच्या दुर्बिणीशी डोळा फार जवळ आला आणि आत नुसता काळोख. तिने मान मागे घेतली. तरी काळोखच.

ऑर्विलचं हसू मावळलं.

"जाड कोट घातलास की बसेल."

"केवढा जाड, ऑर्विल? गादी बांधू का खांद्याला?"

त्याने दस्त्याकडे पाहिलं, मग तिच्या लांब हाताकडे. आपल्या हातांनी हिवाळाभर कुणाचं माप कोरलं ते त्याला आत्ता कळलं. त्याचा चेहरा पडला. लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं. याला खरंच माहीत नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"मागे पाऊण इंचाचा तुकडा जोडतो," तो हळूच म्हणाला. "संध्याकाळपर्यंत होईल. कळणारसुद्धा नाही."

अर्डिसने बंदूक कांबळ्यावर ठेवली. बाही वर सारली आणि हात कोपरात वाकवून त्याच्यापुढे धरला.

"फीत आण."

त्याने आणली. लवणीत अंगठा टेकवून मोजलं, खात्री करायला पुन्हा मोजलं.

"पावणेचौदा."

"कार्डावर लिही."

त्याने लिहिलं.

"मग जोडतो तुकडा..."

"जोडायचं नाही. नवं लाकूड काढ."

"अर्डिस, उद्या हंगाम उघडतोय."

"उघडू दे."

तो बाजूच्या बंदुकांच्या दुकानात गेला. जरा वेळाने दुकानातून माळ्यावरची अक्रोडाची फळी खाली ओढल्याचा आवाज आला. अर्डिसने बाही खाली केली आणि त्याची अंडी ताटलीने झाकून ठेवली.