कपाळावरचा चष्मा

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पुढे केली, तसा बाबांनी रंधा बाजूला ठेवला, हात विजारीला पुसले आणि चिठ्ठी न घेताच विचारलं,

"हे काय?"

"कपाटाची मापं. घरीच घेतली. म्हटलं, तुमची खेप वाचेल."

"बाई, उद्या मी माझा दात घरीच उपटून तुमच्याकडे आणला, तर चालेल का?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि चिठ्ठी निमूट पर्समध्ये परत गेली. आता संध्याकाळी बाबा त्यांच्या घरी जाणार, एक लांब पातळ पट्टी भिंतीला लावणार आणि जिथे कपाट संपायला हवं तिथे पटाशीने खाच पाडणार. आकडा नाही, अक्षर नाही. पट्टीच्या टोकाला फक्त गिऱ्हाइकाची खूण. या बाईंची दाढ. दुकानाच्या कोपऱ्यात अशा शंभरेक पट्ट्या उभ्या होत्या. एकीवर कात्री, एकीवर बासरी, एकीवर नुसतंच मोठं नाक. चाळीस वर्षांत बाबांचं एकही काम सूतभर हुकलं नव्हतं.

फळ्यांच्या थप्पीवर बसून त्यांची लेक हे बघत होती. छापखान्यात मुद्रितं तपासायचं तिचं काम. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कागद टाळायच्या बाबांच्या साऱ्या क्लृप्त्या तिला तोंडपाठ होत्या. त्यांतली सगळ्यांत जुनी त्यांच्या कपाळावर होती. चष्मा.

बारा वर्षांची असताना ती त्यांच्याबरोबर चष्म्याच्या दुकानात गेली होती. दाराचं माप लिहिलेला कागद कुणीतरी पुढे केला होता आणि बाबांनी डोळ्यांचं कारण सांगितलं होतं, म्हणून ही वरात. रांगेत बाबा तिसरे. पुढचे दोघे तक्ता वाचत असताना ते डोळे मिटून ऐकत बसले, आणि पाळी आल्यावर अख्खा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून मोकळे झाले. दुकानदाराने सहज म्हणून तक्ता उलटला. मागे वेगळी अक्षरं होती. बाबांनी पहिलं ओळखलं, दुसऱ्याशी घुटमळले, तिसऱ्यापाशी थांबले.

"डोळ्यांत भुसा गेलाय," ते म्हणाले.

पलीकडच्या भिंतीवरून चाललेली मुंगी ज्याला दिसायची, त्या माणसाने त्या दिवशी हौसेने चष्मा करून घेतला. पुढे तो कायम कपाळावर राहिला. गरज पडली की काच धुरकट व्हायची, नाहीतर दांडी ढिली व्हायची, आणि मग, "तू वाच गं, तुझा आवाज बरा आहे." ती वाचायची. वर्तमानपत्र, पत्रं, कचेरीचे कागद, पुढे जाडजूड कादंबऱ्या. एकदा तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली, तर रंधा न थांबवता बाबा म्हणाले होते, "म्हातारी आत्ता विहिरीपाशी होती, घरी कधी आली?"

आपल्याला कळलंय हे तिने कधी दाखवलं नाही. आधी भीतीने, मग मायेने, आणि पुढे पुढे ती घरातली रीतच होऊन बसली. मोठी झाल्यावर एका पुस्तकाची मुद्रितं तपासताना त्या अडचणीचं नावही तिला सापडलं, डिस्लेक्सिया. हा डोळ्यांचा दोष नव्हे, आळस नव्हे, अक्कल कमी असल्याचं लक्षण तर मुळीच नव्हे, असं तिथे लिहिलं होतं. त्या पानावरच्या दोन ढळढळीत चुका तिच्या नजरेतून सुटल्या. छापखान्यात तिला बोलणी बसली, तीही बहुधा पहिल्यांदाच.

आज मात्र बाबांशी बोलायचंच, असं ठरवून ती आली होती. कारण भुशाच्या ढिगात पाय खुपसून तिची नऊ वर्षांची मुलगी बसली होती, आजोबांची खारूताई. श्रुतलेखनात वीसपैकी तीन. वाचनाची तपासणी करून घ्या, असं शाळेने सुचवलं होतं, आणि खारूताईने जायला साफ नकार दिला होता.

"तिथे करतात काय?" बाबांनी विचारलं.

"मी ढ आहे का ते बघतात," खारूताई म्हणाली.

"तसं नसतं गं ते," आई म्हणाली.

"मग कसं असतं? शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर माझं पहिलं हरवतं. वर्गात बाकी कुणाचं हरवत नाही."

रंध्यावरचा बाबांचा हात थांबला. आता बोलावं, लेकीला वाटलं. वाक्य जिभेच्या टोकाशी आलं. बाबांनी चष्मा कपाळावरून काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला आणि परत कपाळावर ठेवला.

"शाळेचा आणि माझा छत्तीसचा आकडा," ते म्हणाले. "पाचवीतच फारकत घेतली."

"बाबा, मी काय म्हणते..."

"तू काय म्हणतेस ते छापखान्यात जाऊन म्हण. उशीर होतोय तुला. हिला राहू दे. आम्हाला खिळे निवडायचेत."

ती उठली. संध्याकाळी बोलू, नाहीतर उद्या. दारातून वळून पाहिलं, तेव्हा दोन डोकी खिळ्यांच्या डब्यावर वाकलेली होती आणि बाबा काहीतरी हळू आवाजात सांगत होते. खारूताईचं तोंड उघडं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं कुलूप काढताना बाबा पायरीवर बसले. दमलेला माणूस बसतो तसे. ते पुन्हा उठले नाहीत.

त्यानंतरचे दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. बासरीवाला येऊन गेला, मोठ्या नाकाचा गृहस्थ येऊन रडून गेला. गर्दी ओसरल्यावर एका सकाळी तिने सवयीने वर्तमानपत्र उघडलं आणि पहिला मथळा मोठ्याने वाचला. खोलीत कुणी नव्हतं. तिने दुसरी बातमीही वाचली, मग कागदाची घडी घातली.

तपासणीची तारीख पुढे ढकलावी लागली होती. पण ठरल्या दिवशी खारूताई स्वतःच बूट घालून दाराशी उभी राहिली. आईने कारण विचारलं नाही. उगाच विचारलं आणि मत फिरलं तर काय घ्या.

खोली लहान होती. बुटकं टेबल, लाकडी ठोकळे, भिंतीवर घड्याळ. तपासणाऱ्या बाई वयस्क होत्या आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी चित्र दाखवून तसे ठोकळे लावायला सांगितले आणि वेळ मोजायला घड्याळाकडे पाहिलं, तोवर खारूताईचे लावून झाले होते. बाई भुवया उंचावून हसल्या. मग वाचनाचा कागद आला. खारूताईच्या नाकावर घाम जमला. एका शब्दाशी ती तीनदा परत गेली. पण शाळेत करायची तसा कागद तिने ढकलून दिला नाही. चारच ओळी वाचायला तिला फार वेळ लागला, आणि त्या तिने पुऱ्या केल्या.

"आता खेळ थोडा वेळ," बाई म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. "हे बऱ्याचदा घराण्यात असतं, म्हणून विचारते. घरात आणखी कुणाला वाचायला असा त्रास होता?"

तीस वर्षांची सवय. 'नाही' तिच्या ओठांवर तयारच होतं.

"आजोबांना," खारूताई म्हणाली. तिची नजर ठोकळ्यांवरच होती.

आई तिच्याकडे वळली. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. खिळे निवडताना. त्यांचंही पहिलं अक्षर हरवायचं. म्हणाले, तू जा तपासणीला, मला चुकीच्या दुकानात नेलं होतं."

"आणि हे मला सांगितलं नाहीस?"

"आईला सांगू नको म्हणाले." खारूताईने एक ठोकळा दुसऱ्यावर नीट बसवला. "म्हणाले, तिला सगळं माहीत आहे. पण तिला माहीत आहे हे मला ठाऊक नाही, असं तिला वाटतं. इतकी वर्षं बिचारीने सांभाळलंय, उगाच हिरमोड होईल तिचा."

तिला हसू आलं. मग तिने पदरासाठी खांद्याकडे हात नेला, पण अंगावर साडी नव्हती, म्हणून नुसत्या तळहाताने डोळे पुसले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तिने पाणी प्यायल्यावर त्यांनी पेन उचललं.

"मग काय लिहू?"

"लिहा," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं."

आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. खारूताईने वर पाहिलं आणि बरोबर उत्तर आल्यासारखी मान हलवली. बाई लिहीत होत्या.

मग ती पुन्हा बोलली, या वेळी हळू, आणि खोलीतल्या दोघींपैकी कुणाकडेच न बघता.

"बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. मला माहीत होतं."